बरणीचं झाकण हाच स्विच: घरातल्याच वस्तूंमध्ये इलेक्ट्रॉनिक्स कसं बसवायचं

यूट्यूबवर गॅजेट बनवायचे व्हिडिओ ढिगानं आहेत पण ते सगळे टेबलावर येऊन थांबतात. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायची भोकांची पट्टी) लाल-पिवळ्या वायरींचं जाळं, मधे एक लाईट लुकलुकतोय, झालं प्रोजेक्ट. त्याचं पुढं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि मग चार दिवसांनी घरातलं कुणीतरी ते उचलून भंगारात टाकतं, त्यात त्यांची काय चूक, घरात त्याला जागाच नाही की.

म्हणून मी उलटीकडनं सुरुवात करतो. आधी घरातली वस्तू धरायची, म्हणजे बरणी, पिंप, कपाट, गोळ्यांचा डबा असलं काहीतरी, आणि माणसं त्या वस्तूला रोज जे करतातच (झाकण काढतात, दार लावतात) तेच गॅजेटचं बटन करून टाकायचं. मग घरात कुणाला काही शिकवावं लागत नाही. ॲप नाही, पासवर्ड नाही, "हे लाल बटन दाबायचं हां आज्जी" असं चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं नाही. झाकण काढलं की चालू, लावलं की बंद. आणि वस्तूचं मूळ काम बिघडता कामा नये, हा दुसरा नियम. पिंपात नंतर पण पाणीच भरता आलं पाहिजे.

खाली एकच छोटं सर्किट आहे, ते तीन ठिकाणी बसवायचं सांगतो. पहिलं एकदम सविस्तर कारण ते जमलं की पुढची दोन अर्ध्या तासाची कामं आहेत. शेवटी एक थोडं अवघड पण आहे, ते ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी.

पहिलं गॅजेट: नळाला पाणी आलं की ओरडणारी चटणीची बरणी

सोलापुरात राहणाऱ्याला पहिलं गॅजेट कशाचं करायचं हे सांगायची गरजच नाही. चार-पाच दिवसांआड पाणी, त्यात वेळ सरकली की रात्री दीडला पण येतं आणि पहाटे चारला पण, आणि मग घरातलं एक माणूस अर्धवट जागंच राहतं. कुणी नळाखाली पत्र्याचा डबा उलटा ठेवतं, पाण्याचा आवाज यावा म्हणून. आयडिया चांगली आहे पण कूलर चालू असला की ऐकू येत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं कूलर बंद करून कोण झोपतंय.

आपण काय करणार, तर नळाखाली एक छोटी वाटी लटकवायची, त्यात दोन स्क्रू. पाणी आलं की दोन्ही स्क्रू पाण्यानं जोडले जातात, थोडासा करंट वायरीतनं घरात येतो, तिथं शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत बसवलेला बझर वाजतो. बरणीचं झाकण लावलं की गप्प. रात्री झोपताना झाकण काढून ठेवायचं, बास.

सेलवरच का, चार्जरवर का नाही, हे आधी ऐका कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपल्या स्क्रूला पाणी लागणार आणि त्या ओल्याला माणूस हात लावणार. मोबाईलचा चार्जर ५ व्होल्ट देतो हे खरं पण त्याच्या आत एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि मधे फक्त एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि त्याचं इन्सुलेशन. रस्त्यावरच्या पन्नास-साठ रुपयाच्या चार्जरमध्ये ते इन्सुलेशन फुटलं तर २३० सरळ नळाखालच्या वाटीत. म्हणून नियम साधा, जिथं पाणी तिथं फक्त सेल. दुसरा फायदा असा की रात्री लाईट गेलेली असताना पाणी आलं तरी बरणी वाजणार.

आणि सेल म्हणजे साधे पेन्सिल सेल, तीन, म्हणजे साडेचार व्होल्ट. अल्कलाईन घ्या, साधे स्वस्तातले घेतले तर जुने झाले की त्यातनं रस गळतो आणि होल्डर हिरवं पडतं. लिथियमचे चार्जिंगवाले सेल बरेच जण सुचवतात, मी नको म्हणतो. ते सेल चार्ज करायला वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते आणि आपल्या उन्हाळ्यात बाहेरच ४३-४४ होतंय, पत्र्याच्या खोलीत बंद डब्यात किती होत असेल याचा विचार करा. पुण्याच्या माणसाला चालेल, आपल्याला नाही.

सामान

टीव्ही-मिक्सर रिपेअरवाले जिथनं माल घेतात तसल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जायचं, सोलापुरात नवी पेठेकडं चौकशी केली की कुणीही सांगतं. नाहीतर ऑनलाईन. मागायचं ते असं:

बीसी ५४७ ट्रान्झिस्टर दोन-तीन (नंबरच्या मागं बी किंवा सी असेल तर बरं, त्यांचा गेन, म्हणजे करंट किती पट वाढवतात तो, जास्त असतो). रेझिस्टन्स १० के आणि १०० के (के म्हणजे हजार ओहम). १०४ लिहिलेला छोटा डिस्क कपॅसिटर. १एन ४००७ डायोड. ५ व्होल्टचा ॲक्टिव्ह बझर. तीन पेन्सिल सेलचं होल्डर. झिरो पीसीबीचा छोटा तुकडा, म्हणजे पार्ट सोल्डर करायचा भोकाभोकांचा बोर्ड. दाराला लावायचा मॅग्नेटिक सेन्सर, म्हणजे दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, एकीत लोहचुंबक आणि दुसरीत वायर. आणि हार्डवेअरच्या दुकानातनं दोन स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, नट आणि वायसरसकट.

बझरमध्ये फसवणूक होते, म्हणजे दुकानदार मुद्दाम करत नाही, पण ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह दोन्ही दिसायला सारखेच. पॅसिव्हला नुसते सेल लावले तर टक् असा एक आवाज येतो आणि गप्प. ॲक्टिव्ह सरळ ओरडायला लागतो. दुकानातच सेल लावून बघा. सेन्सर पण तिथंच बघा, चुंबक जवळ आणल्यावर जोडला जाणारा पाहिजे, चुंबक लांब गेल्यावर जोडला जाणारा नको. मल्टिमीटर बीपवर ठेवला की दोन टोकं जोडलेली असताना तो वाजतो, दोन सेकंदाचं काम आहे.

या सेन्सरच्या आत रीड स्विच असतो, काचेच्या बारीक नळीत लोखंडी दोन पात्या, चुंबक आला की एकमेकींना चिकटतात. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या टेलिफोनच्या संशोधन संस्थेत वॉल्टर एलवूडनं शोधला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाखोंनी वापरला गेला, आणि अजून त्याला तोड नाही कारण त्याला स्वतःला करंटच लागत नाही. सुटा काचेचा पण मिळतो, स्वस्त पडतो, पण पाय वाकवताना काच तडकते. वाकवायचाच असेल तर काचेजवळचा भाग पकडीनं घट्ट धरून पुढचा पाय वाकवा. पहिल्यांदा करणाऱ्यानं प्लॅस्टिकवालाच घ्यावा.

सगळं मिळून दीड-दोनशेच्या आत बसतं. आणि जानेवारीत गड्ड्यावरनं (सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा) आणलेली पोरांची खेळणी फेब्रुवारीपर्यंत मोडलेली असतातच, ती फेकू नका, त्यात सेलचं होल्डर, स्विच, वायरी आणि कधी कधी बझर पण फुकटात निघतो.

सर्किट, तोंडी

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडं, पाय खाली. डावीकडनं कलेक्टर, बेस, एमिटर. हे बीसी ५४७ साठी आहे, दुसऱ्या नंबरचे पाय वेगळे असू शकतात.

एमिटर सेलच्या मायनसला. बझरचा प्लस सेलच्या प्लसला, बझरचा मायनस कलेक्टरला. डायोड बझरला आडवा लावायचा, डायोडवरची पांढरी पट्टी प्लसच्या बाजूला, बझर बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका देते तो डायोड खातो. आता वाटीकडं जाणाऱ्या दोन वायरी: एक सरळ सेलच्या प्लसवरनं निघते, दुसरी परत येते ती १० के मधनं बेसला. १० के म्हणजे पट्टे तपकिरी-काळा-नारिंगी. बेस आणि एमिटरच्या मधे तीन गोष्टी शेजारी शेजारी येतात, १०० के रेझिस्टन्स (तपकिरी-काळा-पिवळा), १०४ कपॅसिटर, आणि मॅग्नेटिक सेन्सर.

चालतं कसं, तर पाण्यानं स्क्रू जोडले की बेसला एक-दोन दशांश मिलीॲम्पिअर मिळतो, ट्रान्झिस्टर तो शे-दोनशे पट करून बझरला पाहिजे तेवढा करंट सोडतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून ते करंट नेतं, आपल्याकडचं पाणी तर या कामाला एकदम फर्स्ट क्लास. झाकण लावलं की सेन्सर बेस आणि एमिटर जोडून टाकतो, बेसला काही मिळतच नाही, बझर गप्प. १०० के आणि कपॅसिटर कशाला? नळापर्यंत आठ-दहा मीटर वायर जाणार, ती वायर घरातल्या लाईटच्या वायरिंगची गुणगुण पकडते आणि बझर मधेच कुरकुर करायला लागतो. हे दोघं ती गुणगुण मारतात. लोक हे सोडतात आणि मग सर्किट खराब आहे म्हणतात.

कोरडं असताना सर्किट जवळजवळ काहीच खात नाही. ट्रान्झिस्टरची गळती इतकी कमी की सेल कपाटात नुसते पडून जितके टिकले असते तितकेच इथं टिकतात. म्हणून वेगळा ऑन-ऑफ स्विच लावायचाच नाही, लावला की कुणीतरी बंद करून ठेवणार.

सोल्डरिंग

२५ वॅटची सोल्डर गन पुरते. नवशिके सोल्डरची वायर गनच्या टोकावर वितळवून जोडावर आणून थापतात, तसं करायचं नाही. आधी गनचं टोक पाय आणि पीसीबी दोघांना टेकवून दोन सेकंद तापू द्या आणि मग सोल्डरची वायर जोडाला लावा, गनला नाही. सोल्डर स्वतः वाहत जाऊन चकाकत बसलं पाहिजे, गोळी होऊन वर राहिलं तर तो जोड कच्चा आहे, आज चालेल आणि महिन्यानं दगा देईल. ट्रान्झिस्टरच्या पायावर गन जास्त वेळ धरू नका. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर साबणानं हात धुवा, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नका.

बरणीत घालायच्या आधी टेस्ट. नळाकडं जाणाऱ्या दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवा, जोरात वाजलं पाहिजे. मग ग्लासभर नळाच्या पाण्यात दोन्ही टोकं बुडवा, तेव्हा पण तसंच. नंतर चुंबक सेन्सरजवळ न्या, गप्प झालं पाहिजे. तिन्ही पास झालं तरच पुढं जायचं. वाजलंच नाही तर दहापैकी नऊ वेळा ट्रान्झिस्टर उलटा बसलेला असतो.

बरणी

प्लॅस्टिकची रुंद तोंडाची, अर्धा किलो चटणीची असते ना, ती. काचेची नको, रात्री झोपेत हात लागून पडते. धुताना नीट धुवा, शेंगदाण्याचं तेल प्लॅस्टिकला असं धरून बसतं की नुसत्या पाण्यानं जात नाही आणि तेलकट प्लॅस्टिकवर ग्लू गनचा ग्लू अजिबात धरत नाही, दुसऱ्या दिवशी सगळं सुटून तळाला. भांडी घासायच्या साबणानं दोनदा, मग वाळवून स्पिरिटनं पुसा, आणि जिथं चिकटवणार तिथं पॉलिश पेपर मारून खरखरीत करा.

तळाला सेलचं होल्डर, त्यावर पुठ्ठ्याचा गोल तुकडा, त्यावर पीसीबी. बझर वर तोंडाकडं बघत. सेन्सरची वायरवाली पट्टी आतनं काठाला लागून उभी, आणि चुंबकवाली पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला. इथं एक गोची आहे, बरणीचं झाकण फिरवून लागतं, त्यामुळं चुंबक दर वेळी वेगळ्या जागी थांबतो. उपाय असा की चुंबकाची पट्टी न वापरता एक चपटा गोल चुंबक झाकणाच्या बरोब्बर मधे चिकटवा आणि सेन्सर काठाला न लावता मधोमध, पुठ्ठ्याची घोडी करून, झाकणापासनं सेंटिमीटरभर खाली बसवा. मग झाकण कसंही फिरू दे. बंद पडलेला स्पीकर उघडला की चुंबक मिळतो. झाकण लावून, काढून, जरा सैल लावून, सगळं करून बघा आणि मगच ग्लू मारा.

ग्लू गनबद्दल अजून एक. उन्हाळ्यात खिडकीत ऊन येणाऱ्या जागी ठेवलेल्या डब्यात हा ग्लू मऊ पडतो. जड वस्तू, म्हणजे सेलचं होल्डर, ग्लूवर सोडू नका, स्क्रूनं किंवा एम-सीलनं बसवा. ग्लू फक्त वायरी धरायला.

वायर बाहेर काढायला बरणीला खालच्या बाजूनं भोक, खिळा पकडीत धरून गॅसवर तापवला की प्लॅस्टिकमध्ये लोण्यासारखा जातो, धूर मात्र नाकात घेऊ नका. वायरीला आतनं एक गाठ मारा, बाहेरनं कुणी ओढलं तर ताण गाठीवर येतो, सोल्डरवर नाही. पैसा न लागणारं काम आहे पण बरणीचं आयुष्य यावर आहे.

स्टीलचा डबा वापरायचा असेल तर तीन गोष्टी वेगळ्या. आतनं सगळीकडं पुठ्ठा लावा नाहीतर पीसीबीची खालची बाजू डब्याला टेकून शॉर्ट. भोक ड्रिलनंच, आत लाकडाचा ठोकळा धरून, आणि भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, नाहीतर धार वायर कापते. आणि डब्याला चुंबक चिकटतो का बघा, काही स्टीलला चिकटतो काहीला नाही, चिकटणाऱ्या डब्यात सेन्सरचं अंतर गडबडतं.

वाटी

श्रीखंडाचा सगळ्यात छोटा डबा घ्या. दोन स्क्रू समोरासमोरच्या भिंतीत, तळापासनं सेंटिमीटरभर वर. शेजारी शेजारी लावू नका, पाणी गेल्यावर भिंतीवर ओलीचा पापुद्रा राहतो आणि त्याच्यातनंच करंट जात राहतो, पाणी गेलं तरी बरणी ओरडतेय असं होतं. तळाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक. नळ चालू असताना भोकातनं जातं त्याच्यापेक्षा जास्त वरनं पडतं म्हणून वाटी भरते, पाणी थांबलं की आपोआप रिकामी होऊन पुढच्या वेळेला तयार.

स्क्रू स्टेनलेसचेच. तांब्याची वायर सरळ पाण्यात सोडली तर करंटमुळं प्लसची बाजू झिजते, हिरवी पडते. स्टेनलेसची पण थोडी झीज होते, म्हणूनच ही वाटी नळाखालीच ठेवायची, पिण्याच्या पाण्याच्या पिंपात नाही. पहिलं गढूळ पाणी तसंही आपण सोडूनच देतो, ते वाटीत पडू दे, मग वाटी बाजूला करून कळशी लावा. मोटर डायरेक्ट नळाला लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

वायरीचं टोक नटखाली दाबून बाहेरनं एम-सील. नळ खड्ड्यात असेल तर वाटी तोटीलाच तारेनं लटकवा आणि तोटी उघडी ठेवा. आधी नुसती हवा फुसफुसत येते ती वाटीला कळत नाही, पाणी आल्यावरच वाजतं, हे चांगलंच आहे. वायर म्हणून जुनी लॅन केबल झकास, दोन तारा वापरा बाकीच्या राखीव. लाईटच्या वायरीच्या पाईपमधनं मात्र ही वायर ओढायची नाही, वेगळ्या खिळ्यांवरनं न्या.

पंधरा दिवसांनी स्क्रूवर पांढरा क्षार बसतो, जुन्या टूथब्रशनं घासा, जास्त असेल तर लिंबाची फोड फिरवा. एवढीच सर्व्हिसिंग.

दुसरं: पिंपाचं झाकण

पाणी आलं हे कळलं, आता भरून वाहून गेलं हे पण कळायला पाहिजे, नाहीतर खालच्या काकू सकाळी वर बघून "पाणी फुकट आलंय का बे तुमच्यात?" म्हणतात.

इथं स्क्रू नको, कारण हे पाणी प्यायचं. फ्लोट स्विच मिळतो, उभ्या दांडीवर सरकणारी प्लॅस्टिकची भिंगरी, भिंगरीत चुंबक आणि दांडीत तोच रीड स्विच. पाण्याला करंट लागतच नाही. दांडीला वर नट असतो, पिंपाच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडून तिथनं खाली सोडायचा, आणि अजून खाली पाहिजे असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीला बसवून पट्टी झाकणाला. वरच्या काठापासनं वीतभर खाली राहील असं बघा, पाईप बंद करायला धावत जायला तेवढा वेळ लागतो.

सर्किट अगदी तेच, वाटीच्या दोन वायरींच्या जागी फ्लोट स्विचच्या दोन वायरी. बेस-एमिटरमधला मॅग्नेटिक सेन्सर इथं लावायचा नाही. झाकण काढलं की फ्लोट झाकणाबरोबर वर येतो, भिंगरी खाली घसरते आणि बझर आपोआप बंद. भिंगरी खाली असतानाच वाजत असेल तर घाबरू नका, दांडीच्या टोकाची क्लिप काढून भिंगरी उलटी घाला, काम उलटं होतं. बझर आणि सेल एका छोट्या डबीत घालून झाकणाच्या वरच्या बाजूला. गच्चीवरच्या टाकीला हे करणार असाल तर डबी उन्हात ठेवू नका, वायर लांबवून जिन्यात आणा.

तिसरं: कपाटातला लाईट

दार उघडलं की लाईट लागतो असं कपाट. बरणीसारखंच, फक्त वाटीच्या वायरी आणि १० के च्या जागी प्लसपासनं बेसला कायमचा १०० के लावायचा, बेस-एमिटरमधला १०० के काढून टाकायचा, आणि बझर-डायोडच्या जागी पांढरा एलईडी आणि २२० ओहम, म्हणजे लाल-लाल-तपकिरी. दार बंद असताना चुंबक बेसला दाबून धरतो, दार उघडलं की बेस सुटतो आणि लाईट.

इथं मात्र दार बंद असताना पण १०० के मधनं थोडा करंट जात राहतो. साडेचार व्होल्टला १०० के म्हणजे ४५ मायक्रोॲम्पिअर, वर्षाचे ८७६० तास, म्हणजे वर्षाला साधारण ४०० मिलीॲम्पिअर-तास. अल्कलाईन पेन्सिल सेलमध्ये दोन हजाराच्या वर असतात, त्यामुळं लाईट किती वेळ जळतो त्यावरच सेल कधी बदलायचे ते ठरणार.

लोखंडी कपाट असेल तर सेन्सर आणि चुंबक सरळ पत्र्यावर चिकटवू नका, पत्रा चुंबकाचा जोर खातो. दोन्हींच्या खाली लाकडाची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी घाला.

जरा अवघड: गोळ्यांचा डबा

घरात बीपी-शुगरच्या गोळ्या असतातच आणि "घेतली का?" यावर रोज एक वाद असतो. नुसता अलार्म कामाचा नाही, वाजला की बंद करतात आणि गोळी राहते. डबा उघडला का हे कळलं पाहिजे, आणि ते झाकणावरचा तोच सेन्सर सांगतो. पण वेळ कळायला मेंदू लागतो, म्हणून इथं आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड, आणि डीएस ३२३१ घड्याळाचं मॉड्यूल.

सेन्सरची एक वायर नॅनोच्या डी २ पिनला, दुसरी ग्राउंडला, प्रोग्रॅममध्ये त्या पिनचा आतला पुल-अप (पिनला प्लसकडं ओढून धरणारा रेझिस्टन्स) चालू करा. घड्याळाची एसडीए लिहिलेली पिन नॅनोच्या ए ४ ला, एससीएल लिहिलेली ए ५ ला. एलईडी कुठल्याही पिनवर २२० ओहम लावून. प्रोग्रॅमचं डोकं इतकंच: रात्री आठनंतर झाकण एकदा उघडलं तर आजचं झालं अशी खूण ठेव, नऊ वाजले आणि खूण नाही तर एलईडी लुकलुकव, मध्यरात्री खूण पुसून टाक. बझर लावू नका, लाईटच बरा, नाहीतर म्हातारी माणसं डबाच उचलून ट्रंकेत ठेवतात.

नॅनो सतत वीसेक मिलीॲम्पिअर खातो, त्यामुळं इथं सेल परवडत नाहीत, चार्जरच. पाण्याचा संबंध नाही म्हणून चालतं, पण चांगल्या कंपनीचा, बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नंबर छापलेला चार्जर घ्या.

एक धोका बहुतेक व्हिडिओत सांगत नाहीत. बाजारात जे निळं डीएस ३२३१ मॉड्यूल मिळतं त्याच्या मागं बटन सेल बसतो आणि त्या सेलला चार्ज करणारं सर्किट पण असतं. आपण टाकतो तो साधा सीआर २०३२, तो चार्ज करायचा सेलच नाही. ५ व्होल्टवर लावलं तर त्याला सतत वरनं करंट ढकलला जातो, सेल फुगतो, फुटू पण शकतो. सोपा उपाय, मॉड्यूलवर २०१ लिहिलेला बारीक रेझिस्टन्स असतो तो सोल्डर गननं काढून टाका. घड्याळ चालतच राहतं, फक्त चार्जिंग थांबतं. गोळ्यांच्या डब्यात फुगलेला सेल कुणालाच नको.

कशात बसवायचं नाही

गीझर, मिक्सर, कूलर, इस्त्री, म्हणजे ज्याच्या आत २३० व्होल्ट आहेत त्यात हात घालायचा नाही, आपलं सर्किट कितीही छोटं असलं तरी. कुकर आणि गॅसच्या शेगडीजवळ काहीही चिकटवायचं नाही. चादरीत हीटिंगची वायर शिवायची आयडिया दर थंडीत कुणाच्या तरी डोक्यात येते, सोलापुरी चादर नुसतीच पुरेशी गरम असते, ते सोडून द्या. आणि लहान पोरं असलेल्या घरात बटन सेल आणि सुटे चुंबक हाताला लागतील असे ठेवायचे नाहीत, गिळले तर आतडं फाटेपर्यंत जाऊ शकतं. झाकणातला चुंबक ग्लूवर सोडू नका, वरनं एम-सीलचा थर द्या आणि महिन्यातनं एकदा नखानं हलवून बघा.

प्रत्येक डब्यात झाकणाच्या आत एक कागद चिकटवा, सर्किटचं चित्र, सेल कधी टाकले ती तारीख, आणि कुठली वायर कुठं जाते. दोन वर्षांनी डबा उघडणारे तुम्हीच असाल असं काही नाही, आणि तुम्हीच असलात तरी तोपर्यंत काही आठवत नसतं.